मातीची मात्रा

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या भोपाळच्या मराठी घरांतून घरच्या एखाद्या कार्याच्या तिथीसारखी सांगितली जाते. त्या दिवशी जुना मध्य प्रदेश मोडला आणि नवा उभा राहिला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपूरची राजधानी गेली आणि तिथल्या सचिवालयाच्या फायली, कपाटे, टाइपरायटर व ते चालवणारी मंडळी भोपाळच्या गाडीत बसली. ग्वाल्हेर-इंदूरकडचे आपले लोक मध्य भारताच्या दप्तराबरोबर आले. आज या मंडळाच्या मांडवात जे काका-आजोबा पुढच्या खुर्च्यांवर बसतात, त्यांच्यातल्या पुष्कळांचे बालपण टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असेच सुरू झाले.

हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण त्या जुन्या, नागपूरच्या मध्य प्रदेश सरकारने मोडण्यापूर्वी केलेले एक काम आपल्या गप्पांत सहसा येत नाही. चांदा जिल्ह्यातल्या वरोरा गावाबाहेरची पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन त्या सरकारने एका वकिलाच्या संस्थेला दिली. वकिलाचे नाव मुरलीधर देविदास आमटे. जमिनीचे नाव पुढे आनंदवन पडले. ज्या सरकारी परंपरेचे आम्ही आज पगारी नोकर आहोत, तिच्याच एका जुन्या टेबलावरून हा कागद पुढे सरकला होता, म्हणून आनंदवनाविषयी भोपाळच्या स्मरणिकेत लिहिण्याचा आम्हाला थोडा हक्क आहे असे वाटते. पडीक आणि निरुपयोगी जमीन संस्थांना देऊन मोकळे होण्याची सरकारी रीत तेव्हाही होतीच. ती या वेळी फारच चांगल्या हातात पडली, इतकेच.

बाबा आमट्यांवर मराठीत उदंड लिहिले गेले आहे. त्यागाची, करुणेची, पुरस्कारांची बाजू वाचकांना ठाऊक आहे. आम्हाला इथे एकच धागा धरायचा आहे. अलीकडे इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘हॉर्टिकल्चरल थेरपी’ हा शब्द वारंवार दिसतो. बागकाम हाच उपचार, अशी ती कल्पना. नैराश्य, पक्षाघात, म्हातारपणचा एकटेपणा अशा दुखण्यांत माणसाला मातीत हात घालायला लावायचे, बी पेरायला, पाणी घालायला, खुडायला लावायचे आणि त्याने काय फरक पडतो ते मोजायचे. परदेशांत याच्या पदव्या मिळतात. आमचे म्हणणे असे, की या विद्येतला सगळ्यात अवघड धडा वरोऱ्याला १९५१ पासून गिरवला गेला. त्याला कोणी थेरपी म्हटले नाही, एवढाच फरक.

आधी परदेशाचे थोडे सांगतो. अमेरिकेत बेंजामिन रश नावाच्या डॉक्टरांनी १८१२ साली मनोरुग्णांवर पुस्तक लिहिले. इस्पितळाच्या आवारात लाकूड फोडणारे, बाग खणणारे रुग्ण लवकर बरे होतात आणि ज्यांना प्रतिष्ठेपायी काम करावे लागत नाही ते तिथेच खितपत पडतात, असे त्यांनी त्यात नोंदवले. दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांच्या इस्पितळांत बागकाम शिरले. १९७३ साली तिथे या कामाची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत पुढे असलेल्या डायन रेल्फ यांनी नंतर व्हर्जिनियातल्या विद्यापीठात या विषयाचे अध्यापन-संशोधन वर्षानुवर्षे केले. मोजमापाच्या दृष्टीने सर्वांत गाजला तो रॉजर उलरिक यांचा १९८४ चा निबंध. पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचे १९७२ ते १९८१ या काळातले कागद त्यांनी तपासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडेवाले सरासरी सुमारे पावणेएक दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरकस औषधेही कमी लागली. नुसत्या पाहण्याने एवढे, मग हातांनी केले तर किती, असा प्रश्न साहजिकच पुढे आला.

आता वरोऱ्याकडे येऊ.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचे. तरुणपणी शिकार, बिबट्याच्या कातड्याच्या गाद्या घातलेली सिंगर मोटार आणि इंग्रजी सिनेमांची परीक्षणे लिहिण्याचा नाद. वकिली वरोऱ्याला. नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना त्यांनी मैला वाहणाऱ्या कामगारांची संघटना बांधली आणि त्यांचे काम काय असते ते कळावे म्हणून स्वतः डोक्यावर मैल्याच्या टोपल्या वाहिल्या. याच दिवसांत एका पावसाळी संध्याकाळी गटाराकडेला तुळशीराम नावाचा, कुष्ठरोगाने झडून गेलेला माणूस त्यांच्या नजरेस पडला. इंग्रज सोजिरांना न भिणारा हा गडी तिथून पळाला. मग त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली आणि ते परत फिरले. ही कथा सर्वश्रुत आहे, म्हणून लांबवत नाही.

पुढे त्यांनी काय केले हे मात्र बारकाईने बघण्यासारखे आहे, कारण त्यात एका संशोधकाची पद्धत दिसते. विदर्भात तेव्हा कुष्ठसेवेची जाणती माणसे होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठधाम चालवले होते. सेवाग्रामात गांधीजींनी संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री यांना आश्रमात ठेवून घेऊन स्वतःच्या हातांनी त्यांचे मालीश केले होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन सुरू केले. बाबांनी दत्तपूरला जाऊन काम पाहिले, हात लावून शिकले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. मग कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. तिथे एक अडचण चर्चेत होती. या रोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधला होता, पण तो प्रयोगशाळेत वाढत नव्हता आणि जनावरांतही वाढेना. मग औषधाची परीक्षा घ्यायची कशावर? बाबांनी स्वतःचे शरीर पुढे केले आणि जंतू टोचून घेतले. प्रयोग फसला, त्यांना रोग झाला नाही. पदवी वकिलीची असलेल्या माणसाने विज्ञानाला दिलेली ही वर्गणी आम्हाला कोणत्याही निबंधापेक्षा मोठी वाटते.

जून १९५१ मध्ये साधनाताई, विकास व प्रकाश ही दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. उद्घाटनाला विनोबा आले होते.

आम्ही पदविकाधारक उपयंत्री. साहित्य आमचा प्रांत नव्हे, पण विहीर म्हणजे काय हे आम्हाला कळते. खडकात विहीर काढायची तर आजही आमच्या अंदाजपत्रकात सुरुंग, कॉम्प्रेसर, गाळ उपसण्याचा पंप, मजुरांचे हातमोजे यांच्या ओळी येतात. आनंदवनाची पहिली विहीर कुदळ, पहार आणि घमेले यांवर झाली, आणि खणणाऱ्यांच्या हातांची बोटे झडलेली होती. विदर्भाचा उन्हाळा, आजूबाजूला साप-विंचवांचे राज्य, आठवडेच्या आठवडे खोदकाम आणि खाली पाणी लागेल याची खात्री कोणालाच नाही. पाणी लागले, म्हणून पुढचा इतिहास आहे.

इथे एक शंका कोणत्याही समजदार वाचकाच्या मनात येईल. आजारी माणसांना असे राबवणे हा उपचार कसा? उलट हा तर छळ. शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सोपे नाही. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर बसतो, त्यामुळे हातापायांची जाणीव जाते. बाबांच्याच वर्षी, १९१४ मध्ये, तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरावर जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरला होते. रोगाने बोटे ‘गळून’ पडतात ही समजूत त्यांनी खोडली. बोटे जातात ती मुख्यतः जखमांनी, आणि जखमा होतात त्या दुखत नाही म्हणून. गंजलेले कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, तेव्हा एका रुग्ण मुलाने किल्ली पिळून ते सहज उघडले. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला तर बोट हाडापर्यंत कापलेले होते आणि मुलाला पत्ता नव्हता. अशा हातात कुदळ देणे म्हणजे धोका देणेच. दांडा टोचला, फोड आला, काटा मोडला तरी कळत नाही. म्हणून असल्या कामात शिस्त लागते. दांड्याला जाड कापड हवे, दर थोड्या वेळाने हात डोळ्यांनी तपासायला हवा, संध्याकाळी पाय धुऊन प्रत्येक बोटाची चौकशी करायला हवी. दुखणे जे काम आपल्यासाठी फुकटात करते, ते या माणसांना नजरेने करावे लागते.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की जंतू मेला तो औषधाने. डॅप्सोनच्या गोळ्या त्याच सुमारास भारतात मिळू लागल्या होत्या. पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली आणि रोगाचे कंबरडे मोडले. मातीने कुष्ठरोग बरा होतो असा दावा आनंदवनाने केला नाही, आम्हीही करणार नाही. आजकाल निसर्गाच्या नावावर काहीही खपवणारी जाहिरातबाजी चालते, तिच्यात आनंदवनाला कोणी ओढू नये.

मग मातीने केले काय? औषधाने बरा झालेला माणूस घरी परतला की दार बंद असे. जंतू गेला तरी नाव जात नव्हते. देवळाच्या पायरीवर वाटी घेऊन बसणे हाच एक व्यवसाय उरे, आणि त्या व्यवसायात जखम हेच भांडवल. ती बरी झाली तर कमाई बुडे. बाबांनी नेमके हे ओळखले होते. भीक नाकारून कामाला हात घालायचा, यावर त्यांचा सगळा भर होता तो त्यामुळेच. ज्याच्या हाताला जग हात लावत नाही, त्याच हाताने लावलेले वांगे धरते, भेंडी लागते, कोथिंबीर उगवते. झाडाला घृणा ठाऊक नाही. पाणी घातले की ते वाढते, मग घालणारा हात कसाही असो. हे रोज सकाळी दिसत राहणे, हा उपचाराचा पहिला भाग.

पण इथपर्यंत तर परदेशी थेरपीही येते. वरोऱ्याची खरी कसोटी पुढे लागली. आनंदवनात भाजी पिकली, घरच्या गरजेहून अधिक पिकली आणि ती वरोऱ्याच्या बाजारात नेली. कोणी घेईना. महारोग्यांच्या हातची भाजी म्हटल्यावर गिऱ्हाईक चार पावले लांबून जाई. शिजवलेल्या भाजीतून हा रोग येत नाही हे सांगून उपयोग नव्हता. गावातले शिकलेले लोक, वकील, मास्तर, आपल्यासारखे सरकारी नोकर, सगळे त्या न घेणाऱ्यांत होते. आपण त्या काळी वरोऱ्यात असतो तर टोपलीपुढे थांबलो असतो काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

१९५४ मध्ये ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे शिबिर आनंदवनात झाले. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने, शत्रुराष्ट्रांतल्या तरुणांनी एकत्र येऊन उद्ध्वस्त गावे बांधावीत म्हणून ही संस्था काढली होती. निरनिराळ्या देशांतले जवळपास पन्नास तरुण-तरुणी वरोऱ्याला आले, महिनोन्‌महिने राहिले, रुग्णांच्या बरोबरीने विटा-दगड वाहिले आणि दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. गावाला हे नवल होते. गोरी माणसे पाहायला लोक आनंदवनाच्या फाटकापर्यंत आणि मग आतही येऊ लागले. आत आल्यावर दिसले काय, तर ही माणसे रुग्णांच्या शेजारी बसून त्यांनीच पिकवलेली भाजी जेवताहेत. त्यानंतर बाजारात टोपली रिकामी होऊ लागली.

ही गोष्ट आनंदाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. तरी आम्हाला तिचा थोडा सल वाटतो. शेजारच्या गावातल्या माणसाच्या शब्दावर विश्वास नाही. सातासमुद्रापलीकडचा कोणी चाखून दाखवेल तेव्हा आमच्या घशाखाली उतरणार. पण यातून एक गोष्ट कळते, जी उलरिकसाहेबांच्या खिडकीतून दिसत नाही. बाग लावल्याने रुग्णाचे मन उभारी धरते हे खरे, परंतु त्याच्या बागेतले कोणी विकत घेतले तर तो पुरता बरा होतो. उपचार दोघांवर करावा लागतो. रुग्णावर औषधाचा आणि कामाचा, गावावर भाजीचा. दुसरा रोगी जास्त हट्टी निघाला.

गावाची मात्रा मात्र पुरती लागू पडली. १९६४ मध्ये आनंदवनाने आनंद निकेतन महाविद्यालय काढले, पाठोपाठ कृषी महाविद्यालय. भाजी नाकारणाऱ्या वरोऱ्याची मुले कुष्ठमुक्तांच्या संस्थेच्या कॉलेजात शिकू लागली. ज्या मातीतली मेथी गावाला नको होती, त्याच मातीवर गावाची पोरे शेतीशास्त्राची पदवी घेऊ लागली. १९६७ च्या सुमारास मूलजवळ सोमनाथची जमीन मिळाली. तिथे धानाची शेती उभी राहिली, आणि दर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणीला महाराष्ट्रभरचे तरुण घाम गाळायला येऊ लागले. म्हणजे सुरुवातीला जे काम समाजाने टाकलेल्यांना उभे करण्यासाठी होते, ते पुढे धडधाकट मुलांना लागणारे औषध झाले. पु. ल. देशपांड्यांसारखी माणसे आनंदवनाच्या मित्रमेळाव्याला येत, त्यानेही पुणे-मुंबईकडचे लक्ष इकडे वळले. अंध, मूकबधिर, अपंग यांच्यासाठीची कामे वाढत गेली. तो सगळा विस्तार सांगायला या स्मरणिकेची सगळी पाने लागतील.

बाबांचा आणि आपल्या राज्याचा संबंध १९५६ ला तुटला तो १९९० मध्ये पुन्हा जुळला, आणि तो सरकारला फारसा सुखाचा नव्हता. पाठीच्या मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. एकतर उभे राहायचे नाहीतर आडवे. अशा अवस्थेत, पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आनंदवन सोडले आणि बडवानीजवळ कसरावदला नर्मदेच्या काठी मुक्काम ठोकला. जागेचे नाव ठेवले ‘निजबल’. धरणाच्या वादात आम्ही सरकारी माणसांनी मत देणे बरे नव्हे, आणि इथे तो विषयही नाही. तिथेही साधनाताई बरोबर होत्या, हे मात्र विसरता येत नाही. आनंदवनातल्या पहिल्या गायीचे दूध काढण्यापासून नर्मदाकाठच्या चुलीपर्यंत बाबांच्या प्रत्येक प्रयोगाचा निम्मा भार या बाईंनी वाहिला. पुरस्कारांच्या यादीत, म्हणजे १९८५ चे मॅगसेसे, १९८६ चे पद्मविभूषण, १९९० चे टेम्पलटन, नाव एकट्या बाबांचे येते.

आपल्या शहरालाही अशा आजाराची ओळख आहे ज्यात औषध पुरत नाही. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रीनंतर भोपाळमध्ये हजारो माणसे जिवंत राहिली, पण फुप्फुसे आणि उमेद दोन्ही गमावून. बैरसिया रोडवरचे संभावना क्लिनिक १९९६ पासून गॅसपीडितांवर मोफत उपचार करते. तिथे ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद आणि योगही आहे, आणि आयुर्वेदिक औषधांसाठी लागणाऱ्या वनस्पती क्लिनिकच्या आवारातल्या बागेतच लावल्या आहेत. बंद कारखान्यापासून फार लांब नसलेल्या जागेत औषधी रोपांचे वाफे आहेत, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसेल. बैरसिया रोड आपल्या अरेरा कॉलनी-कोलार भागापासून लांब पडतो. वरोऱ्याच्या बाजारापासून आनंदवनही तसेच लांब पडत होते.

कायद्याचीही एक नोंद इथे करतो, कारण आमचा पेशा कागदाचा. कुष्ठरोग्यांना वेगळे डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी कायदा रद्द झाला तो २०१६ मध्ये. नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे गेली ती २०१९ मध्ये. औषध निघाल्यावर कागद बरा व्हायला एवढा अवधी लागला. पहिली टोपली बाजारात गेली तेव्हापासून मोजले तर साठीहून अधिक वर्षे भरतात.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा आनंदवनात वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन केले नाही, आनंदवनाच्याच जमिनीत दफन केले. २०११ च्या जुलैत साधनाताई गेल्या, त्यांनाही तिथेच, शेजारी. दोघांनी जिला पन्नास एकरांचा दगड म्हणून हातात घेतले, त्या जमिनीला शेवटी स्वतःचे शरीरही देऊन टाकले.

मंडळातल्या ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी: भोपाळहून नागपूर, आणि नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर वरोरा. रेल्वेने गेल्यास वर्धा-बल्लारशा मार्गावर वरोऱ्याचे स्टेशन आहे, मात्र सगळ्या गाड्या थांबत नाहीत. वेळापत्रक पाहून घ्यावे. आनंदवन गावाला लागूनच आहे. बरोबर मुले असतील तर जेवणाची वेळ साधून जावे.